धानातून गेलेली सरळ वाट

१

घरटं रिकामं होतं आणि ते दोघं त्याच्या बाजूला उभे होते.

सारस पाखरू ज्यानं जवळून पाहिलं नाही त्याला मी काय सांगू! माणसाएवढं उंच. लाल मान, राखाडी अंग, आणि चाल अशी की गावच्या पाटलानं शिकून घ्यावी. नर मान ताठ करून आमच्याकडे पाहत होता. मादी मात्र चोचीनं गवताची एकेक काडी उचलायची, खाली पाहायची आणि परत ठेवायची. अंडी काडीखाली दडली असतील असं तिला वाटत असावं. 

मी दुर्पता बिसेन. आमगावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, आणि निवृत्त झाले तर लोकांनी सारस मित्र मंडळाची अध्यक्ष केलं. म्हणजे ओरडायची सवय मोडायची वेळच आली नाही. ही २०१४ सालच्या भादव्यातली गोष्ट. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सारसाच्या जोड्या अगदी थोड्या उरल्यात, आणि त्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी भरलेल्या शेताच्या तुकड्यात, शेतकऱ्याच्या भरवशावर अंडी घालतात. त्या मोसमात रिकामं झालेलं हे तिसरं घरटं. आधीची दोन कोल्ह्यानं साफ केली असं समजून आम्ही गप्प बसलो होतो. पण पिपरटोल्याच्या या बांधीत चिखलात बुटांचे ठसे होते. कोल्हा काही गमबूट घालत नाही.

बांधी टेकचंद पटलेची. अर्धं गाव त्याला घेरून उभं होतं आणि शेजारच्या शेताचा चैतराम सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता.

"यानंच विकली अंडी! पोळ्याच्या दिवशी म्हणत होता का नाही, हे पाखरं माहा धान तुडवतात, अंडी उचलून फेकतो म्हणून?"

"म्हटलं होतो गा," टेकचंद म्हणाला. "रागात म्हटलं होतो. पन ह्या बांधीतलं निंदन मी काऊन सोडलं मंग? पाखरू उठू नये म्हणूनच ना? पाहा, धानापेक्षा गवत जास्त आहे."

वनरक्षक भुवनेश्वर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, साहेब संध्याकाळी येऊन राहिले. तोपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तं याले घेऊन जा लागते."

टेकचंदनं ते ऐकलं. मोठा गडी, पण आवाज चिरकला त्याचा. "मॅडम, जेल झाली तं झाली. पन माहं पोरगं गावात सारसचोराचं पोरगं म्हणून फिरंल. ते मले सहन नाही होनार."

मी खाली पाहिलं, ठशांमागून नजर मागे मागे नेली, आणि चमकलेच. टेकचंद चोर नव्हता. आणि ते मी सिद्ध करू शकत होते.

२

पिपरटोल्याहून या बांधीला यायचं तर मारुतीच्या देवळामागून धुऱ्याधुऱ्यानं यायचं. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा उंचवटा. वाट वाकडीतिकडी असते, पण पाय कोरडा राहतो आणि धान तुडवलं जात नाही. आमच्याकडे रांगणारं लेकरूसुद्धा उभं राहिलं की आधी धुऱ्यावर चालायला शिकतं.

हे ठसे आले होते उलट बाजूनं, कॅनॉलकडून. तिकडून वाटच नाही. उभं धान मोडत, धुरे ओलांडत, पट्टी ठेवून रेघ ओढावी तसा तो माणूस सरळ आला होता. बाजूनंच एक चांगला धुरा येत होता, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"भुवनेश्वर, धानात उतरताना तू पायात काय घालतोस?"

"काहीच नाही. चिखलात बूट रुततो ना."

"आणि टेकचंद?"

"तोही अनवाणीच. सगळेच."

"मग हे गमबूट कोणाचे? आणि हे बघ. रेघ घरट्याकडे जातच नाही."

खरंच जात नव्हती. रेघ जाऊन थांबली होती एका धुऱ्यावर, पळसाच्या झुडपापाशी. घरटं तिथून दगड फेकला तर पोचेल एवढं दूर. पळसाखाली चिखल नुसता घुसळला होता. तो माणूस इकडे गेला, तिकडे गेला, मागे आला, आणि मग कुठे त्याला घरटं दिसलं.

"म्हंजे काय झालं मॅडम?"

"म्हणजे याला वाट ठाऊक नव्हती, जागा ठाऊक होती. आणि जागा ठाऊक होती तीही घरट्याची नाही, या पळसाची. गावातल्या कोणी सांगितलं असतं तर देवळामागून पाठवलं असतं आणि घरट्यावरच पोचवलं असतं. हा गावाला विचारून आलेलाच नाही!"

हे मी म्हटलं खरं, पण मलाच कळेना. न विचारता, रस्ता न पाहता, धानाच्या समुद्रात एका झुडपापाशी नेमका कोण येऊन पोचतो? देव आला तरी वाटेत दोनदा विचारेल.

पळसाखाली पांढरे दाणे पडले होते. युरिया असेल म्हणून मी बोटांवर घेऊन ओल्या हातानं चोळले. विरघळले नाहीत. थर्माकोल होता. मी ते रुमालात बांधले.

मागे कोणीतरी हुंदका दिला. आमची कार्यकर्ती संध्या, गोंदियाच्या कॉलेजात शिकणारी, पळसाकडे पाहत पांढरीफटक पडली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "त्या जागी मी उभी होते."

३

"कधी? आज?"

"नाही हो! मागच्या महिन्यात. टेकचंदभाऊंचा फोटो काढायला. भाऊ समोर, मागे घरटं. घरट्याजवळ गेलं तर पाखरं उठतात, म्हणून मी पळसापाशीच थांबले." आणि ती रडायला लागली. "मी कोणाला सांगितलं नाही मॅडम. आईची शपथ."

"रडू नको. रडण्यानं गणित सुटत नाही. बाकीच्या दोन घरट्यांचे फोटो कोणी काढले?"

"मीच."

भुवनेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते मला दिसलं. पण संध्या दर आठवड्याला या बांधीवर येते, अनवाणी, देवळामागून. घरटं कुठं आहे ते तिला झोपेतही सांगता येईल. ती पळसाखाली चिखल कशाला घुसळेल?

मग कोणती घरटी गेली ते मी मांडून पाहिलं. चुन्नीलालचं, उदेभानचं, आता टेकचंदचं. या तिघांचा मंडळानं 'सारस राखणदार' म्हणून सत्कार केला होता. आणि सत्कार म्हटला की फ्लेक्स! आमच्याकडे लेकराचा पहिला वाढदिवस असो की सोसायटीचा संचालक निवडून येवो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय घास उतरत नाही. तिघांचेही फ्लेक्स लागले होते, मागे सारस आणि पुढे राखणदार, चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा.

सत्कार झालेल्यांत एकच राखणदार उरली होती, सौंदडकडची गिरजाबाई मडावी. तिचं घरटं तर रस्त्यावरून दिसतं. चोराला सगळ्यांत सोपं तेच. मी तिला फोन लावला.

"गिरजाबाई, अंडी आहेत ना?"

"आहेत तं. जातील कुठं? मी बसली आहो ना इथं."

"तुमचा फ्लेक्स का नाही लागला हो?"

"मीच नाही म्हटलं. पाखराचा लावा म्हटलं, माहं थोबाड कायले?"

मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी हसू विरलं. रस्त्यावरचं घरटं शाबूत, आणि चिखलातली, आडवाटेची तिन्ही गेली. गिरजाबाईचा फ्लेक्स नव्हता म्हणून तिची अंडी वाचली? फ्लेक्सवर तर गावाचं नावसुद्धा आम्ही लिहीत नाही!

४

संध्या ज्यानं फोटो काढायची तो मोबाइल मंडळाच्या कामाला दिला होता कुडव्याच्या उमेंद्र हरिणखेडेनं. कोंबड्यांचा मोठा धंदा, अंडी उबवायचं मशीन, नवेगावच्या रस्त्यावर एक रिसॉर्टही बांधायला काढलेलं. बोलायला गोड. मी भुवनेश्वरच्या मोटरसायकलवर मागे बसून कुडव्याला पोचले, कारण त्या फोनमधले फोटो आणखी कोणाकडे जातात ते मला विचारायचं होतं.

तो हॅचरीच्या दारात उभा होता. "आइए मॅडम, चहा लाव रे! काय झालं, तुमचा चेहरा काऊन उतरला?"

"टेकचंदच्या बांधीतली अंडी गेली."

"अरेरे! कधी? मले तं आत्ता तुमच्याकडूनच समजून राहिलं." त्यानं कपाळाला हात लावला. "तीन-तीन घरटे! अब क्या बचेगा इस जिले में?"

चहा आला. आतून पिल्लांचा चिवचिवाट येत होता. एक माणूस लसीच्या बाटल्यांचे पांढरे डबे आत नेत होता. त्या फोनचं विचारलं, तर फोटो फक्त संध्या आणि वेबसाइटवाला योगराज यांच्याकडेच असतात म्हणाला.

"तुम्हाला कोणाचा संशय येतो?" मी विचारलं.

"संशय कायचा? टेकचंदच. घरचाच माणूस होय तो. नाही तं बाहेरचा कोणी कॅनॉलकडून एवढ्या चिखलात घुसंल का, दोन अंड्यांसाठी?"

"तुम्ही गेलात कधी त्या बांधीवर?"

"मी? कधीच नाही. आमाले कुठं वेळ आहे?"

मी चहा संपवला. काहीतरी खटकलं होतं, दातात भाजीचा धागा अडकावा तसं, पण नेमकं काय ते हाती लागेना. भुवनेश्वर घड्याळ पाहत होता. संध्याकाळ जवळ येत होती आणि तिकडे टेकचंद चावडीवर बसला होता.

"चल," मी म्हटलं. "योगराजकडे."

५

योगराज रहांगडाले गोंदियात कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. माझाच विद्यार्थी. हुशार, पण स्वतःची आरती स्वतःच ओवाळणारा. मंडळाची वेबसाइट त्यानंच त्या उन्हाळ्यात नव्यानं बांधली होती.

"मॅडम, जुनी साइट आठवते? उघडायले चहा होऊन जाये! फ्लॅशमधला सारस उडत उडत यायचा, आन् मोबाइलवर तं यायचाच नाही. मी सगळं उपटून फेकलं. नव्या नियमानं लिहिलं. हे पाहा."

त्यानं एक साधा, घासून पांढरा झालेला फोन काढला, टू-जीवाला. बटण दाबलं. आणि पान आलं! सारसाची जोडी, गावागावची नोंद, 'घरटं दिसलं तर कळवा', सगळं त्या एवढ्याशा काचेवर नीट बसलेलं. जुन्या साइटपायी मी किती वेळा फोन आपटायला निघाले होते. बांधीत उभा असलेला माणूस आता चिखलाच्या हातानं ते पाहू शकत होता. मी खरंच थक्क झाले. "योगराज, कमाल केलीस बाबा," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून शाबासकी निघणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं.

त्याला आणखी चेव आला. "खरं काम फोटोंचं होतं. फोनमधला फोटो लई जड राहते. मी सगळे बारीक केले, आन् त्यांच्या पोटातला कचराही खरवडून काढला."

"कसला कचरा?"

"फोन फोटो काढते ना मॅडम, तवा त्याच्या पोटात लिहून ठेवते. कोणत्या फोननं काढला, कधी काढला, कुठं उभं राहून काढला. सारं वजनच ना बेकारचं."

माझ्या हातातला चष्मा टेबलावर पडला.

"कुठं उभं राहून?"

"हो. आकाशातल्या उपग्रहावरून फोनले समजते. पन मी काढून टाकतो ना ते."

"सगळ्या फोटोंतून?"

"सगळ्या..." आणि तो थांबला. "फ्लेक्सचे सोडून."

मग बाहेर आलं ते असं. बारीक केलेला फोटो फ्लेक्सवर फाटतो. योगराजनं मीटिंगमध्ये सांगितलं होतं की एकही जड फोटो साइटवर नको. पण राखणदारांच्या पाहुण्यांना आपापल्या गावी फ्लेक्स लावायचे होते, जावयाला लावायचे होते, साळ्याला लावायचे होते. सगळे अंगावर आले, तेव्हा त्यानं प्रत्येक राखणदाराच्या फोटोखाली बटण ठेवलं, 'फ्लेक्ससाठी मूळ फोटो'. गिरजाबाईनं फ्लेक्स नाकारला, म्हणून तिच्या फोटोखाली ते बटण नव्हतं.

"टेकचंदचा उघड."

त्यानं उघडला. कुठलीशी खिडकी काढली, दोन आकडे निघाले, ते नकाशात टाकले. वरून पाहिलेलं आमचं पिपरटोला आलं. कॅनॉल, बांध्या, आणि लाल टाचणी. टाचणी घरट्यावर नव्हती. ती रोवली होती पळसाच्या झुडपावर.

तुम्ही हसाल, पण मला त्या क्षणी चोराचा रागच आला नाही. कुठं ते आकाश, कुठं आमची चिखलाची बांधी, आणि एका पोरीनं पाखरू उठू नये म्हणून जिथं पाऊल थांबवलं, ती जागा वरून कोणीतरी पाहून ठेवली होती. मी हात जोडले. कशाला जोडले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

भुवनेश्वर मात्र पोलिसी डोक्याचा. "म्हंजे हे सारं यालेच माहीत होतं," तो योगराजकडे बोट दाखवून म्हणाला.

"मी चोर असतो तं जड फोटो काढा म्हणून मीटिंगमधी सगळ्यांच्या शिव्या काऊन खाल्ल्या असत्या?" योगराज ओरडला.

"तो नाही," मी म्हटलं. "पण साइट तर जगाला उघडी. मग जगातला कोण?"

आणि तो धागा दातातून निघाला.

"भुवनेश्वर, सकाळपासून 'कॅनॉल' हा शब्द आपण कोणाजवळ बोललो?"

"कोनाजवळच नाही. आपसातच."

"उमेंद्रला अंडी गेल्याचं आपण सांगितलं. कुठून गेली ते सांगितलंच नाही. कधीही तिकडे न गेलेल्या माणसानं कॅनॉलचा चिखल काढला कुठून? आणि ते पांढरे डबे पाहिलेस? लसीचे, थर्माकोलचे. ऊब धरायला त्याच्याइतकं बरं काही नाही. हॅचरीत गमबूट तर रोजच लागतात. आधी काय बोलला तो, तीन-तीन घरटी! चोराच्या उलट्या बोंबा!" मी रुमाल सोडला आणि ते दाणे टेबलावर ओतले. "तुझ्या साहेबांना फोन लाव. आणि गाडी काढ. अंडी अजून जिवंत असतील तर ती एकाच जागी असतील."

६

मशीनच्या दाराला काच होती. आत कोंबडीच्या अंड्यांच्या रांगा, आणि सगळ्यांत खालच्या ट्रेमध्ये दोन मोठी, फिकट, तपकिरी ठिपक्यांची.

उमेंद्रनं आधी हिंदीत आवाज चढवला, मग मराठीत, मग खुर्चीवर बसला. रिसॉर्टच्या बागेत त्याला सारसाची जोडी पाहिजे होती. फ्लेक्सचा फोटो त्यानं हौसेनं नव्या फोनवर उतरवला, तर फोननं आपणहून नकाशा दाखवला. आधीच्या दोन घरट्यांतली अंडी मशीनमध्ये खराब झाली. "जाया करण्याचा इरादा नव्हता मॅडम," तो म्हणाला. मी त्याला एवढंच विचारलं की टेकचंदचं नाव घेताना इरादा काय होता.

साहेब आले. त्यांनी उमेंद्रचा ताबा घेतला आणि कुठल्याशा तज्ज्ञाला फोन केला. अंडी गरम आहेत, पाखरं अजून घरट्यापाशी आहेत, तर लगेच परत ठेवा, नशीब असेल तर मादी बसेल, असं उत्तर आलं. योगराजनं तिथंच उभं राहून साइटवरचे मूळ फोटो काढून टाकले, एकही ठेवला नाही. संध्यानं अंडी गरम कपड्यात गुंडाळून मांडीवर घेतली, आणि पिपरटोल्यापर्यंत ती श्वाससुद्धा हळू घेत होती.

दिवस मावळतीला आला होता. सारं गाव धुऱ्यावर उभं. खरा चोर कोण ते कानोकानी पोचलं होतं. अंडी कोणी न्यायची असं साहेबांनी विचारलं.

"टेकचंद नेईल," मी म्हटलं. "पाखरं त्याला ओळखतात."

टेकचंद अनवाणी पाण्यात उतरला. नर सारसानं पंख उघडले. बाप रे, ते पंख! एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बैलाची जोडी झाकली गेली असती. तो धावून आला, टेकचंदच्या छातीशी चोच आणून थांबला. टेकचंदनं डोकं खाली घातलं आणि तसाच वाकून उभा राहिला. कितीतरी वेळ दोघं तसेच. मग पाखरू एक पाऊल मागं सरलं. टेकचंदनं अंडी घरट्यात ठेवली, उलट्या पावलांनी थोडा मागे आला आणि थांबला.

मादी आली. तिनं मान खाली घातली, चोचीच्या टोकानं एक अंडं अलगद फिरवलं, मग दुसरं. आणि ती बसली.

मग दोघांनी माना आभाळाकडे केल्या आणि एका सुरात साद घातली. ती साद मी शंभरदा ऐकली असेल, पण त्या संध्याकाळी ती पाण्यावरून आली आणि माझ्या हाडांतून गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला पुसायचंही भान नव्हतं.

टेकचंद आता हलला असता तर मादी उठली असती. म्हणून तो पोटरीभर पाण्यात तसाच उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून. त्याचे खांदे हलत होते. धुऱ्यावर कोणी माफी मागितली नाही. पण सकाळी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेल्या चैतरामनं चपला काढल्या, आवाज न करता पाण्यात उतरला, एकेक पाऊल थांबत पुढे गेला आणि टेकचंदच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग आणखी एक जण उतरला, मग आणखी एक. अंधार पडून मादी दिसेनाशी होईपर्यंत पिपरटोल्याची माणसं त्या बांधीत, त्याच्या दोन्ही बाजूंना, गुपचूप उभी होती.